पलंगाखालच्या बाटल्या

आमच्या शेजारचे महिपती ओव्हाळ पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले आणि फळांच्या सालींच्या मागे लागले. डाळिंबाची साल वाळवून दंतमंजन, केळ्याची साल भिजवून ते पाणी गुलाबाला, लिंबाच्या सालीला मीठ लावून पितळेची भांडी. आमच्या कोथरूडच्या सोसायटीत कुणी मोसंबीची साल कचऱ्यात टाकली, तर यांना घरबसल्या कळतं असा माझा संशय आहे. मी शाळेत शिकवते, मला कुणी शिस्त लावायची गरज नाही. तरीही ओव्हाळांच्या धाकाने मी साली धुऊन डब्यात ठेवते.

त्यांचा खरा जीव फरशी पुसायच्या द्रावणात. एक भाग गूळ, तीन भाग मोसंबीच्या साली, दहा भाग पाणी, आणि तीन महिने मुरवायचं. पथ्य एकच. पहिला महिनाभर रोज झाकण सैल करून आतला वायू सोडायचा, नाहीतर बाटली फुटते. एरवी ते प्लास्टिकचे कॅन वापरायचे. या वेळी प्लास्टिकचा राग आला म्हणून गृहस्थांनी चार काचेच्या बाटल्या भरल्या आणि अंधार हवा म्हणून बायकोच्या पलंगाखाली ठेवल्या.

त्याच आठवड्यात, मंगळवारी, सुशीलाबाईंच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डावा लहानपणापासून निकामी, म्हणजे जे काही दिसायचं ते या एकाच डोळ्याने. डॉक्टरांनी बजावलं होतं, वाकायचं नाही, डोळ्याला धक्का लागू द्यायचा नाही.

शुक्रवारी ओव्हाळ ऑपरेशनच्या विम्याचे मूळ कागद द्यायला मुलीच्या, दीक्षाच्या, हिंजवडीच्या ऑफिसात गेले. परतीच्या बसमध्ये शेजारी बसलेल्या एका मुलीने सोड्याची बाटली उघडली. फस्स झालं आणि ओव्हाळांना पलंगाखालच्या बाटल्या आठवल्या. मंगळवारपासून त्यांनी एकही झाकण सैल केलं नव्हतं.

फोन करायची पंचाईत. बायकोला सांगावं, तर ती लगेच वाकून झाकणं उघडणार. पस्तीस वर्षांच्या संसारात तिने एवढं तरी दाखवून दिलं होतं. न सांगावं, तर ती त्याच पलंगावर पडलेली. त्यांनी मला फोन लावला. एकदा, दोनदा, सहा वेळा. वर्गात माझा फोन बंद असतो. एरवी मला त्याचा अभिमान आहे. त्या दिवशीचं मात्र अजून डाचतं.

बस जागची हलेना. शेवटी ते उतरले, कोंडीतून अर्धा तास चालले आणि एक रिक्षा मिळवली.

"जरा लवकर घ्या हो."

"आजोबा, उडवत नेऊ का?" रिक्षावाला म्हणाला.

ओव्हाळांना राग यायलाही सवड नव्हती. डोळ्यांपुढे नुसती काच दिसत होती. "माझ्या हौसेपायी तिचा डोळा जाणार," ते मोठ्याने बोलून गेले. रिक्षावाल्याने खरंच रिक्षा पिटाळली.

शाळा सुटल्यावर सहा फोन बघून मी धावतच जिना चढले, तर ओव्हाळ दारात. घाईत किल्ली कुलपात जाईना. मीच दार उघडलं.

सुशीलाबाई काळा चष्मा लावून जमिनीवर पाय पसरून बसल्या होत्या. पुढ्यात चारही बाटल्या, झाकणं काढलेली.

"वाकलीस?" ओव्हाळ ओरडले. इतक्या वर्षांत त्यांचा चढलेला आवाज मी प्रथमच ऐकला.

"वाकू नका म्हणालेत, बसू नका कुठे म्हणालेत? पायाने पुढे ओढल्या. मंगळवारी निघताना मीच वायू सोडला, परवापासून रोज अशी बसून सोडतेय. तुम्हाला कुठली आठवण?"

"मग मला सांगायचं नाही?"

"बाटल्यांचं नाव जरी काढलं असतं, तरी त्या बघायला दवाखान्यातून घरी पळाला असतात. मला तिथे भीती वाटत होती. तुम्ही हवे होतात."

ओव्हाळ त्यांच्या शेजारी जमिनीवर बसले. "आज दिवसभर बाटल्यांचा विचार एकदाही आला नाही गं. फक्त तुझा डोळा."

"कळलं. आता हात धुऊन या आणि थेंब घाला. वेळ टळून गेलीय."

त्यांनी हात धुतले, सुशीलाबाईंचा काळा चष्मा काढला. पहिले दोन थेंब गालावरच पडले. तिसरा नीट गेला. सुशीलाबाईंनी डोळा मिटला, मग हळूच उघडला.

"दिसतोय का मी?" त्यांनी विचारलं.

"दिसताय," त्या म्हणाल्या. "रडताना काही बरे दिसत नाही."