पडद्यावरची समाधानी पोरगी

“तुमच्या लोकायला काम नको. फुकटचं पाह्यजे समदं.”

हे आमच्या मालकानं माझ्या मायला म्हणलं. कापसाच्या पऱ्हाटीच्या ओळीत, भर उन्हात. ऐकलं मात्र माझ्या सगळ्या वर्गानं.

कसं ते सांगते. मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. कॉलेज जालना जिल्ह्यातल्या परतूरला, तास मोबाईलवर, आमचं गाव आष्टीच्या पुढं, खोलगट जागेत. आमच्या वस्तीत मोबाईलला रेंज न्हाई. रेंज धरते ती मालकाच्या वरच्या पट्टीत. त्याच पट्टीत माय अन् मी रोजानं कापूस वेचायला जायचो. म्हणजे माझा वर्ग अन् माझं काम एकाच वावरात. कॉलेजातले लोक याला सोय म्हणतात.

वेचताना कमरेला ओटी बांधतात. वेचलेला कापूस तिच्यात टाकत जायचा. मोबाईल ठेवायला दुसरी जागाच न्हाई. अंगात भावाचा जुना शर्ट, बोंडाची टोकं हाताला लागू नयेत म्हणून पूर्ण बाह्यांचा, अन् खिसा फाटलेला. मंग मोबाईल ओटीच्या तळाला, वायर शर्टातून वर कानात, अन् मोबाईलवर कापूस. आमच्याकडच्या पोरी असाच तास ऐकतात. हात कापसात, कान परतूरला. ओटी भरत गेली की मांडीला घासते, मोबाईल दाबल्या जातो. त्या दिवशी त्या दाबानं माइक चालू झाला. मला पत्ताच न्हाई.

मालक बांधावर आल्ता. मायच्या ओळीत काही बोंडं राहून गेल्ती. तिची कंबर धरली होती, म्हणून ती जराशी टेकली होती. एवढ्यावर तो सुरू झाला. आधी फुकटचं काढलं. मंग वस्तीचं नाव घेतलं. मंग जातीचं. मंग माझ्याकडं बोट करून म्हणला, “पोरगी कालेज करून राह्यली म्हणं. कलेक्टर व्हायची का? मंग आमचा कापूस कोण येचील, तिचा बाप का?”

माझा बाप वारलेला. त्याला म्हाईत होतं.

माय खाली बघत म्हणली, “चुकलं मालक.”

अन् माझ्या कानात हसू आलं. पोरांचं हसू. कोणीतरी मालकाच्या आवाजात “कलेक्टर मॅडम” म्हणलं. तास अर्थशास्त्राच्या सरांचा होता. सरांनी एक बटण दाबलं असतं तर माझा माइक बंद झाला असता. तेवढंच काम. त्यांनी केलं न्हाई. सगळं शेवटपर्यंत ऐकलं अन् म्हणाले, “वा! आज शेतातून थेट प्रक्षेपण.” मंग माझं नाव घेऊन म्हणाले, “कॅमेरा ऑन कर जरा. दर्शन तरी होऊ दे.”

मी ओटीत हात घातला. कापूस बाजूला केला, मोबाईल काढला, कॅमेरा चालू केला. का केला? सरांनी सांगितलं म्हणून. सरांचं ऐकायचं हे मायनं लहानपणापासून शिकवलेलं. डोक्याला फडकं, तोंड घामानं थबथबलेलं, अंगात मर्दाचा शर्ट. सर बघत राहिले अन् म्हणाले, “हे काय ध्यान? वर्ग आहे की फॅन्सी ड्रेस?”

पुन्हा हसले सगळे. मी बंद केला मोबाईल. सरांनी त्या तासाची गैरहजेरी मांडली.

तेवढ्यात कुणीतरी पडद्यावरून माझा फोटो काढला होता, तो सांजपर्यंत वर्गाच्या ग्रुपवर फिरत होता. खाली लिहिलेलं, फुकटवाली. ज्यांनी लिहिलं त्यातल्या काही पोरांच्या घरी परतूरला, जालन्याला वायफाय हाय, टेबल-खुर्ची हाय, मायबाप चहा आणून देतात. बोला आता, फुकटचं कोणाला मिळून राह्यलं.

मी ते मायला सांगायला नको होतं असं मला कधी कधी वाटतं. पण माझ्या पोटात मावेना. चुलीपुढं बसल्यावर बोलून गेले. माय भाकर थापता थापता थांबली. म्हणली, “त्यायनी समद्यायनी ऐकलं?”

“हो.”

“मी चुकलं मालक म्हणलं ते बी?”

मी मान हलवली. भाकर करपली, तिनं तीच स्वतःच्या ताटात घेतली. त्या दिवसापासून ती परतूरच्या बाजाराला यायची बंद झाली. रस्त्यानं जाणारं कोणतंही शिकलेलं पोरगं दिसलं की तिला वाटायचं, यानं ऐकलं असंल. मालकाच्या शिव्या तिनं जलमभर खाल्ल्या, पण वावरात. वावरातलं वावरात ऱ्हायचं. माझ्या शिक्षणानं ते पार कॉलेजापर्यंत नेऊन सोडलं. याचा राग मला आजही हाय, अन् तो राग माझ्यावर न्हाई.

आता हे ऑनलाइन कशाला, ते ऐका. कोरोना गेला त्याला जमाना झाला. बाजार उघडले, लग्नं उघडली, दारूची दुकानं तर सगळ्यात आधी उघडली. आमचे थिअरीचे वर्ग काही उघडले न्हाईत. सर लोक राहतात जालन्याला, काही त्याच्याही पलीकडं. घरी बसून तास घ्यायला कोणाला नको? परतूरला यायचा ताप वाचतो. वरतून कोणी विचारलं तर ठरलेलं उत्तर, “विद्यार्थ्यांनाच हे हवंय. विद्यार्थी समाधानी आहेत.” आम्हाला कोणी विचारलं म्हणता? विचारलं की. मोबाईलवर प्रश्न आला, समाधानी आहात का. त्याच्या पाठोपाठ ग्रुपवर सरांचा मेसेज आला, सगळ्यांनी ‘अत्यंत समाधानी’ दाबा अन् दाबल्याचा फोटो इथं टाका. पोरांनी दाबलं. मी त्या दिवशी वरच्या पट्टीत नव्हते, तर जसे माझे कितीतरी तास बुडतात तसा तो प्रश्नही मला पोचलाच न्हाई. समाधान विचारायलाही रेंज लागते.

मंग फरदडीचे दिवस आले, शेवटचा उरलासुरला कापूस वेचायचे. एक दिवस वरच्या पट्टीत त्याच अर्थशास्त्राच्या सरांचा फोन. स्वतःहून. “बेटा, कशी आहेस?”

बेटा! तीन वर्षांत पहिल्यांदा. मी तिथंच सावध व्हायला पाह्यजे होतं, पण खरं सांगते, बरं वाटलं ऐकून. माणूस गोड शब्दाला किती भुकेला असतो.

सर म्हणाले, कॉलेजात तपासणीची कमिटी येतेय. ऑनलाइन वर्ग पुढंही कायम ठेवायचे का, ते बघणार. तुझा तो शेतातला फोटो आम्ही मोठा करून लावलाय. वर लिहिलंय, शेताशेतात ज्ञानगंगा. कमिटीसमोर तुला मोठ्या पडद्यावर घ्यायचंय. “शेतातूनच जॉइन हो. तोच शर्ट घाल बरं का. आणि एवढंच बोलायचं, मी काम करता करता शिकते, मला हे खूप सोयीचं आहे, मी पूर्ण समाधानी आहे, हे असंच चालू ठेवावं.”

मी म्हणले, “सर, माझी हजेरी?”

“तेच तर. तुझी हजेरी कमी आहे, परीक्षेला बसता येणार नाही. पण एवढं केलंस की मी बघतो ना.”

फोन ठेवला अन् तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या शर्टावर हसले तोच शर्ट आता पाह्यजे. ज्या तासाला मला गैरहजर मांडलं त्याच तासाचा फोटो भिंतीवर. अन् न्हाई म्हणलं तर परीक्षा गेली, वर्ष गेलं, बी.ए. गेलं. आमच्या घरात दहावीच्या पुढं कोणी गेलेलं न्हाई.

मायला सांगितलं. तिला वाटलं करून टाकावं. “म्हण ना बाई. मी न्हाई का म्हणत मालकाला? म्हणल्यानं काय अंगाला भोकं पडतात?”

तेवढं वाक्य तिनं म्हणलं अन् मला उत्तर सापडलं. तिला न दुखवता कसं सांगावं कळंना, म्हणून मी तोंड फिरवून बसले. माझी माय जलमभर चुकलं मालक म्हणत आली, कारण न्हाई म्हणली असती तर चूल पेटली नसती. मला तिनं शाळेत घातलं ते मी तेच वाक्य शुद्ध मराठीत म्हणावं म्हणून? बिलकुल न्हाई.

कमिटीच्या दिवशी मी वावरात गेले न्हाई. धुतलेला ड्रेस घातला, वेणी घातली, आष्टीहून परतूरची गाडी धरली. कॉलेजात माणसंच माणसं. रांगोळी, सत्काराच्या शाली, फरसाणाच्या प्लेटा. जे सर कधी दिसत न्हाईत ते सगळे दिसले. सभागृहाच्या दारातच माझा फोटो, माणसाएवढा. डोक्याला फडकं, घाम, शर्ट. लोक त्याच्याजवळून जात होते अन् मीही गेले, कोणी ओळखलं न्हाई.

मागच्या खुर्चीवर बसले. समोर पडदा. सर माइकवर म्हणत होते, “आता आपण थेट शेतात जाऊ. आमची एक जिद्दी विद्यार्थिनी...” माझं नाव पुकारलं. पडदा काळा. पुन्हा पुकारलं. “हॅलो, बेटा, कॅमेरा ऑन कर.”

मी उभी राहिले. म्हणले, “सर, पडद्यात नका शोधू. मी इथं हाय.”

सगळ्या माना वळल्या. मी चालत पुढं गेले. सर हसायचा प्रयत्न करत होते. मी पाठ केलेलं काहीच न्हाई, जे आलं ते बोलले.

“दारातला फोटो माझा हाय. त्या दिवशी मालकानं माझ्या मायला म्हणलं, तुमच्या लोकायला फुकटचं पाह्यजे. त्यानं आमची जात काढली, माझा मेलेला बाप काढला. ते वर्गात ऐकू गेलं. सर हसले. वर्ग हसला. मला फॅन्सी ड्रेस म्हणले अन् गैरहजेरी मांडली. त्या तासाला काय शिकवलं ते मला आजपर्यंत म्हाईत न्हाई. मी समाधानी न्हाई. मला शेतात वर्ग नको. वर्गात वर्ग पाह्यजे.”

फोटो काढणाऱ्या पोरानं मोबाईल खाली घेतला. कमिटीतल्या एक मॅडम चष्मा पुसून म्हणाल्या, “तुझी तक्रार लेखी दे बाळ, आम्ही नोंद घेऊ.” मंग त्यांनी घड्याळ बघितलं अन् सगळे चहाला गेले. मला वाटलं होतं आभाळ कोसळंल. फरसाण खाल्ल्याचा आवाज आला फक्त.

कुणाला वाटत असंल पुढं सगळं बराबर झालं. काही झालं न्हाई. ऑनलाइन वर्ग चालूच हेत. माझ्या हजेरीचं सर आता बघत न्हाईत. वर्गातल्या एका पोरीनं मला गुपचूप मेसेज केला, बरं झालं बोललीस. ग्रुपवर मात्र ती गप्प राहिली. मालकाच्या कानावर गेलं तर त्यानं मायला कामावरून काढलं, म्हणला, तुमची पोरगी आमचं नाव भर सभेत घेती. मी नाव घेतलंच नव्हतं. माय आता दुसऱ्याच्या वावरात लांब जाते, कंबर धरून. मला बोलली न्हाई एक अक्षर. त्या सांजेला तिनं एवढंच विचारलं, “बाप काढला ते बी सांगितलं का?” म्हणलं, सांगितलं. तिनं मान हलवली अन् म्हणली, “चांगलं केलं.” रडली मंग खूप.

मी रोज परतूरला जाते. आमच्या वर्गाला कुलूप. त्या दारात व्हरांड्यावर वही घेऊन बसते. शिपाई मामा म्हणतात, “पोरी, आता सगळं मोबाईलवर हाय ना, कशाला ऊन खाती?” मी म्हणते, “मामा, हा माझा वर्ग हाय. मी हजर हाय.” ते बिचारे पाणी आणून देतात. प्राचार्यांनी बोलावून दम दिला, पोलीस बोलावू म्हणाले. म्हणलं, बोलवा. वर्गात बसायला आली म्हणून पोरीला उचललं, असं लिहा म्हणावं त्यांना.

परवा सरांचा निरोप आला. अजून वेळ गेलेली नाही, म्हणाले. गपचूप शेतातून जॉइन हो, मागची हजेरी लावून देतो, परीक्षेला बस.

मी कुलपाकडं बघितलं अन् जबाब पाठवला. सर, मी तुमच्या वर्गाच्या दारात बसलेय. हजेरी घ्यायची तर जालन्याहून उठा, इथं या, अन् आधी हे कुलूप काढा.