बोकड न धरलेला हिशोब

ती बकऱ्यांची केस माझ्या मनातून अजून जात नाही. सत्तरचं दशक संपत आलं होतं. भंडारा जिल्ह्यात आम्ही बायका पोलिसात मोजक्याच, म्हणून बायकांची तक्रार आली की मला हवालदार म्हणून तिकडच्या ठाण्याला धाडत. अशीच साकोलीला गेले.

ओट्यावर एक विडी वळणारी बाई बसलेली. ठाणे अंमलदार तिला सांगत होता, हा दिवाणी मामला आहे, कोर्टात जा. मी तिला आत घेतलं, चहा दिला. लोक चहा पिताना बरोबर सांगतात.

आमच्याकडे बटईची रीत जुनी. बकरी एकाची, पाळणारा दुसरा, पिल्लं निम्मी निम्मी. गावातल्या एका गोडबोल्या माणसाने हीच रीत पुढे करून पैसे गोळा केले होते. बकरी तुमच्या नावाची, पाळणार मी, पहिला नफा उन्हाळ्यातच, तीन वर्षांत कळप. या बाईने त्यापायी कारखान्यातलं विडीचं कार्ड, म्हणजे नावावरचं कायम काम, सोडलं, कारण त्याशिवाय फंड निघत नव्हता; आणि साठलेला फंड संक्रांतीला त्याच्या हातात दिला.

"हक्काचं काम काहून सोडलं, बाई?"

"पोरीले नागपूरले नर्सच्या शिक्षणाले धाडाचं हाये जी. जूनमंदी पैसे नाही भरले तं जागा जाते."

साहेबांनी मला बजावलं, "नुसता अंदाज चुकला असेल तर गुन्हा होत नाही. फसवायचा इरादा दाखवा, मग चारशेवीस लावू."

त्या गोडबोल्याला बोलावलं. गडी घाबरला नाही. खडू मागून घेतला आणि फरशीवर हिशोब मांडला. एका बकरीची वर्षाला चार पिल्लं, त्या चारींची पुन्हा चार चार. मी मध्ये बोलले नाही. बोलका माणूस थांबवला की सावध होतो.

फरशी भरल्यावर विचारलं, "ह्यातले बोकड किती, भाऊ?"

"आं?"

"तुमच्या गोठ्यात काय साऱ्या माद्याच होतात? अन् मरत एकबी नाही?"

दारातला शिपाई हसला. "बाई, यायच्या गोठ्यात बोकड पाय ठेवाले भेते."

तो मात्र शांत. "अंदाज हाये जी. अंदाज चुकते कधी कधी."

पळवाट त्याला ठाऊक होती. पण मी शेतकऱ्याघरची. बोकड जन्मतात, वाढतात आणि बाजाराला जातात. आठवडी बाजारात खाटकाकडे गेले.

"तो? त्याचेच तं बोकड घेऊन राहिलो जी, मागच्या दिवाळीपासून. दुसऱ्याचे हायेत हे मले काय माहीत?"

जबाब घेतला. गोठ्याचा पंचनामा केला. अर्ध्या गावाच्या नावावर बकऱ्या होत्या आणि दावणीला जेमतेम दहा-बारा. त्याला पुन्हा समोर बसवलं.

"दिवाळीपासून बोकड विकता, अन् संक्रांतीला ह्या बाईला साऱ्या माद्या सांगता?"

त्याने पाणी मागितलं. मग सगळं सांगितलं. बोकडांचे आणि नव्या लोकांचे पैसे तो जुन्यांना नफा म्हणून वाटत होता. म्हणूनच गावाचा विश्वास बसला होता.

कोर्टात वकिलाने त्या बाईला टोचून विचारलं, जन्मभर बकऱ्या पाहिल्या, तरी बोकड कसे विसरलात? ती म्हणाली, "विसरली नाही जी. तो सांगे तवा मले पोरगी नर्सच्या पांढऱ्या साडीत दिसे. बोकड कोण मोजते मंग?"

पुष्कळ लोक हावरटपणा म्हणून मोकळे होतात. मी म्हणत नाही. चढता हिशोब सांगणारा आपल्याला आपलीच इच्छा दाखवतो, आणि आपण रोज डोळ्यांनी पाहिलेलं त्यातून आपल्याच हाताने वगळतो. पुढे अशी तक्रार आली की दिवाणी म्हणून मी कोणालाच ओट्यावरून परत जाऊ दिलं नाही.

त्याला शिक्षा झाली. बकऱ्यांच्या लिलावातून बाईला थोडे पैसे मिळाले, पण तोवर जून उलटून गेला होता. कार्डही दुसरीला गेलं होतं. दुसरीच्या कार्डावर, कमी मजुरीत, मायलेकी शेजारी बसून विड्या वळत. मी त्या रस्त्याने गेले की पोरगी हात न थांबवता मान हलवायची.