कोणता कार्यक्रम रद्द केलास?

श्रीरंगकाका गेले ते डिसेंबरातल्या एका सकाळी. इथे, या डच मुलखात, त्या दिवसांत उजाडायलाच साडेआठ वाजतात. मी स्वयंपाकघरात दिवा लावून चहा टाकत होतो, तेवढ्यात मागच्या बागेतून हाक आली. आमची घरं एकाच ओळीतली, मधे खांद्याएवढं लाकडी कुंपण. पलीकडे विजयाकाकू उभ्या होत्या. हातात फोन, अंगावर काकांचं जाड जाकीट. "संतोष, हॉस्पिटलमधून फोन होता. गेले रे ते..." मी कुंपणापाशी धावलो, तर त्यांनी हात वर करून मला लांबच थांबवलं. त्या स्वतः नुकत्याच आजारातून उठल्या होत्या. मग आम्ही दोघं कुंपणाच्या दोन बाजूंना नुसते उभे राहिलो. दुपारपर्यंत मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर काकांचा फोटो आला. भोवती झेंडूची चौकट, खाली मंडळाचं बोधचिन्ह आणि अध्यक्षांचं नाव. 'आमचे मार्गदर्शक हरपले.' त्याखाली जोडलेल्या हातांची रांग लागली. मला ते वाचून रडू आलं नाही, राग आला. काही आठवडे झाले, तो अजून उतरलेला नाही. उतरायची वाट बघत बसलो तर हा लेख कधीच लिहून होणार नाही, म्हणून रागासकट लिहितो आहे.

मी जालना जिल्ह्यातल्या परतूरचा. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. वडील शिवणकाम करायचे आणि माझ्या शाळेच्या गणवेशापासून पहिल्या मुलाखतीच्या पँटपर्यंत सगळं त्यांच्याच मशिनीवर झालेलं. एनस्खेडेला एम.एस. करून मी नोकरीच्या शोधात आइंडहोवनला आलो, तेव्हा मंडळाच्या गणपतीत एका कोपऱ्यात ताट घेऊन उभा होतो. काका समोर येऊन म्हणाले, "कुठला?" मी म्हटलं, "औरंगाबादकडचा." "औरंगाबादकडचा म्हणजे औरंगाबादचा नव्हे. गाव सांग." परतूर म्हटल्यावर हसले. "मग सांग की सरळ. इथे कोण तुझा दाखला मागतंय?" पुढच्याच शनिवारी त्यांनी मला घरी बोलावून मुलाखतीची तयारी करून घेतली. माझं उत्तर कुठे अडलं की मी काहीतरी जुळवून सांगायचो. आमच्या शाळेत कोरा सोडलेला प्रश्न म्हणजे शून्य गुण, तेव्हा काहीतरी लिहायचंच, ही सवय हाडात मुरलेली. काकांनी तिसऱ्या वेळी मला थांबवलं. "मला माहीत नाही, असं म्हण. मोठ्यानं म्हण." मला ते म्हणता येईना. त्यांनी ते माझ्याकडून पाढ्यासारखं घोकून घेतलं. खऱ्या मुलाखतीत एका प्रश्नाला मी तेच उत्तर दिलं आणि नोकरी मिळाली. नंतर शेजारचं घर रिकामं होतंय हेही त्यांनीच कळवलं, घरमालकाकडे माझ्यासाठी शब्द टाकला. माझ्या आईवडिलांनंतर माझ्यावर कुणाचे उपकार असतील तर या माणसाचे.

काका निवृत्त होईपर्यंत मोठ्या यंत्रांच्या चाचण्या घ्यायचे. "मशीन बिघडवणं हे माझं काम," असं सांगायचे. नीट चाललेल्या यंत्राबद्दल त्यांना काही कौतुक नसे. उन्हाळ्यात कसं चालतं, वीज गेली तर काय करतं, थांबवायचं म्हटलं तर थांबतं का, हे त्यांना बघायचं असे. हीच कसोटी ते मंडळाच्या अध्यक्षपदाच्या उमेदवारांनाही लावत. गुढीपाडव्याच्या सुमारास दरवर्षी निवडणूक. त्याआधी प्रत्येक उमेदवारानं काकांच्या मागच्या बागेत येऊन चहा घ्यायचा, अशी एक पद्धतच पडून गेली होती. कुणी ठरवलेली नव्हती, पण न येणं बरं दिसत नसे. लोक चेष्टेनं म्हणत, "काकांची तोंडी परीक्षा झाली का?" परीक्षेत प्रश्न खरं तर एकच. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या की काका विचारायचे, "तू आजवर कोणता कार्यक्रम रद्द केलास?"

मीही एकदा म्हटलं होतं, "काका, केलेले कार्यक्रम विचारा की. अनुभव त्यातच कळतो." ते म्हणाले, "केलेले तो न विचारता सांगतो. हॉल ठरलेला, पाहुणे निघालेले, लोक नटून बसलेले, आणि अशा वेळी 'नको' म्हणायचं... ते ज्यानं एकदा तरी केलंय, त्याच्या हातात मी माझी माणसं देईन." आणखी कुणीतरी त्यांना टोमणा मारला होता, "काका, मंडळाचा अध्यक्ष आहे हा, राष्ट्राध्यक्ष नाही!" त्यावर काका शांतपणे म्हणाले, "राष्ट्राध्यक्ष माझ्या बायकोला कार्यक्रमाला ये म्हणून फोन करत नाही. हा करेल." तेव्हा आम्ही सगळे हसलो होतो.

करोनाच्या साथीच्या दुसऱ्या वर्षी निवडणुकीला दोन उमेदवार होते. सुजाता आणि निखिल. घरात पाहुणे घ्यायला बंदीच असल्यासारखं होतं, म्हणून काकांनी बागेत दोन खुर्च्या मांडल्या आणि मधलं दीड मीटर अंतर चुकू नये म्हणून गुढीची काठी आडवी ठेवली. चहाचा कप ज्याचा त्यानं आणायचा. मी कुंपणाच्या अलीकडे माझ्या बागेत माझा चहा घेऊन बसे. काका म्हणायचे, "तू प्रेक्षक. मधे बोलायचं नाही."

सुजाता आली ती घाबरतच. काकांनी प्रश्न विचारल्यावर खाली बघून म्हणाली, "तुम्हाला माहितीये की काका. मागच्या वर्षीचा पाडवा." आम्हा सगळ्यांनाच माहीत होतं. तेव्हा ती कार्यक्रमप्रमुख होती. कार्निव्हलची गर्दी संपून आमच्या ब्राबांत प्रांतात माणसं आजारी पडू लागली होती, पण सरकारनं अजून काही बंद केलं नव्हतं. सुजातानं आपण होऊन कार्यक्रम रद्द केला. श्रीखंडाचे डबे तयार, मुलांची नाटुकली बसलेली. लोकांनी तिला काय काय ऐकवलं! भित्री म्हणाले, आगाऊ म्हणाले. आठवड्याभरानं सगळंच बंद झालं, पण तिला बोललेलं कुणी परत घेतलं नाही. काकांनी विचारलं, "झोप लागली होती का त्या रात्री?" "नाही लागली. चूक असेल तर लोक काय म्हणतील, हेच डोक्यात. आणि बरोबर असेल तर त्याहून वाईट." काका उठले. मग त्यांनी आतून लाडू आणून काठीवरून तिच्याकडे टाकला आणि तिनं तो झेलला.

निखिल आला तो बोलतच. माणूस गोड, आवाज भारदस्त, तीन गणेशोत्सव त्यानं झोकात करून दाखवलेले. ढोल-ताशा पथक उभं करणार होता, हॉलमध्ये पुन्हा दिवाळी करणार होता. वर्षभर घरात कोंडलेल्या माणसांना दुसरं काय हवं असतं? काकांचा प्रश्न ऐकून तो मनापासून हसला. "रद्द? काका, मी रद्द करणाऱ्यांतला नाही. मी करून दाखवणाऱ्यांतला!" काकांनी मान हलवली, पुढे काही विचारलं नाही. तो गेल्यावर कुंपणापाशी येऊन मला म्हणाले, "पोरगा हुशार आहे. इंजिन मोठं आहे. ब्रेक आहे का, ते त्यालाही माहीत नाही. कधी दाबलाच नाही त्यानं."

मतदान पडद्यावर झालं. निखिल सहज निवडून आला. सुजाताला मतं पडली ती काकांचं, माझं आणि आणखी मोजकीच. मला याचंच सगळ्यात वाईट वाटतं. आम्ही सगळे शिकलेले लोक. आमच्यातले निम्मे रोज ऑफिसात हेच काम करतात, कुठे काय बिघडू शकेल ते आधी शोधायचं. एक स्क्रू बदलायचा तरी चार जणांना विचारतात. आणि माणूस निवडताना आवाज ऐकून निवडला. "सुजाताचा अनुभव काय, तर कार्यक्रम बंद करण्याचा," असं एकजण म्हणाला, आणि ते वाक्य फार लोकांना आवडलं.

त्या शरदात निर्बंध बरेच सैल झाले. लसीचा क्यूआर कोड दाखवला की आत. निखिलनं हॉल घेतला, दिवाळी ठरवली. कार्यक्रमाच्या आठवड्यात आकडे पुन्हा चढायला लागले होते, मास्क परत येणार असं कानावर येत होतं. सुजातानं गटावर लिहिलं, पुढे ढकलू या का? निखिलनं उत्तर दिलं, "परवानगी आहे. सर्व नियम पाळून करतोय. भीती पसरवू नये." त्याखाली टाळ्यांची चिन्हं. काकूंना त्याचा फोन आला तो वेगळाच. मुलांची प्रार्थना दरवर्षी काकूच बसवायच्या. "काकू, तुम्ही नसाल तर मुलं गाणारच नाहीत हो." आता हेही सगळ्यांना ठाऊक होतं की काकांचं मूत्रपिंड बदललेलं आहे, प्रतिकारशक्ती दाबायच्या गोळ्या रोज चालू आहेत आणि लस घेऊनही त्यांना तिचा फारसा उपयोग नाही. निखिललाही ठाऊक होतं. काका काकूंना म्हणाले, "मी येणार नाही. तू तुझं ठरव. परवानगी सरकारनं दिलीय, ठरवायचं आपल्याला आहे." काकू गेल्या. मुलांनी छान म्हटलं म्हणतात. चार-पाच दिवसांनी काकूंना खोकला सुरू झाला, मग काकांना ताप.

तो आजार त्या हॉलमधूनच आला, असं मी म्हणू शकत नाही. कुणीच म्हणू शकणार नाही. दुकानातून आला असेल, बसमधून आला असेल. मला माहीत नाही... हे म्हणायला काकांनीच शिकवलंय. पण हॉलमधले बरेच जण त्या आठवड्यात आजारी पडले, आणि अध्यक्षांनी गटावर एवढंच लिहिलं की मंडळानं सर्व नियमांचं पालन केलं होतं. कुणी विचारलंही नव्हतं. काका दवाखान्यात असताना एकदा त्यांच्याशी व्हिडिओवर बोललो. तोंडावर ऑक्सिजनचा मुखवटा, शब्द तुटक. मी रागानं निखिलबद्दल काही बोलायला लागलो, तर त्यांनी बोट हलवून नको म्हटलं. मग धाप लागत म्हणाले, "सुजाताला सांग... पुन्हा उभी राहा म्हणावं."

अंत्यविधीला क्रिमॅटोरियममध्ये आम्ही मोजकीच माणसं. नंतर इथल्या रिवाजाप्रमाणे कॉफी आणि केकचा तुकडा. काकूंनी तो केक हातात तसाच धरून ठेवला. पुढच्या रविवारी मंडळाची ऑनलाइन शोकसभा झाली, अर्थात अध्यक्षांच्या अध्यक्षतेखाली. निखिल चांगला बोलला. आवाज दाटून आला त्याचा, आणि तो खोटा होता असं मला वाटत नाही. तेच तर अवघड आहे. मौन चालू असताना कुणाचा तरी माइक चालू राहिला आणि एका लहान मुलीनं डचमध्ये आईला विचारलं, "संपलं का?" त्या सभेत मला पटेल असं बोललेली ती एकटीच.

गेल्या आठवड्यात निखिलनं काकूंना फोन केला. भेटायला येतो म्हणाला, आणि पाडव्याला पुन्हा उभा राहतोय, आशीर्वाद हवेत. मला वाटलं काकू फोन ठेवून देतील. त्या म्हणाल्या, "ये. कप घेऊन ये."

कडक थंडी होती. दोन्ही खुर्च्या बागेतच होत्या, काकांनी मांडलेल्या. मधे काठी, तिच्यावर बर्फाची बारीक साय. काकू काकांच्या खुर्चीत बसल्या, तेच जाकीट घालून. मी कुंपणाच्या अलीकडे माझ्या जागेवर. निखिलनं फुलं आणली होती. ती कुठे ठेवावी हे न कळून त्यानं मांडीवरच धरली. काकूंनी त्याच्या मुलांची चौकशी केली, त्याच्या आईची केली. चहा ओतला. मग म्हणाल्या, "निखिल, तू आजवर कोणता कार्यक्रम रद्द केलास?"

तो कपाकडे बघत म्हणाला, "काकू, दिवाळीचं म्हणत असाल तर... सगळं नियमात बसत होतं."

"ते मी विचारलं नाही."

निखिलनं मांडीवरची फुलं सावरली. त्याचे डोळे भरून आले होते. मला त्याची दया येईल असं वाटलं, पण आली नाही. मग तो घाईघाईनं म्हणाला, "काकू, मी ठरवलंय. पाडव्याला काकांच्या स्मरणार्थ मोठा कार्यक्रम करायचा. हॉल मी बोलून ठेवलाय. सगळे येतील. काकांना शोभेल असा करू."

काकूंनी कप खाली ठेवला. "तो रद्द कर," त्या म्हणाल्या. "म्हणजे पुढच्या खेपेला मी विचारलं तर तुझ्याकडे उत्तर असेल."

तो गेला. फुलं खुर्चीवरच राहिली होती, ती काकूंनी उचलली. मी त्यांच्या बाजूला जाऊन काठी उचलायला वाकलो. म्हटलं, आत ठेवतो, दवानं कुजेल.

"असू दे रे," त्या म्हणाल्या. "उद्या सुजाता यायचीय. आणि यंदा आपल्याकडे गुढी नाही... काठीला दुसरं काम तरी काय आहे?"