पहिल्या वर्षाचे चाळीस क्रेडिट

देवबागच्या अंगणवाडीत मी बावीस वर्षं पोरांची वजनं घेते आहे. पूर्वी वहीत लिहायचे, आता मोबाइलमध्ये भरते. त्यामुळे घरी राहून करायच्या पदवीचा हिशेबही मोबाइलमधल्या एका खात्यात राहणार, हे ऐकून मी मुळीच घाबरले नाही. पेपर सुटले की त्यांचे क्रेडिट खात्यात येतात, वर्षाचे चाळीस. तीन वर्षांचे एकशेवीस झाले की पदवी. आणि पदवी हातात आली की मुख्य सेविकेच्या जागेसाठी अर्ज करता येतो. मला ती जागा हवी होती. वयाची अट होती, आणि मी या एकाच भरतीत बसत होते. पुढच्या वेळी वय निघून गेलं असतं.

तिसऱ्या वर्षाचा निकाल लागला त्या दुपारी मी खिचडीचं पातेलं तसंच ठेवून खातं उघडलं. ऐंशी. बंद करून पुन्हा उघडलं. ऐंशीच. पहिलं वर्ष गायब.

मालवणच्या अभ्यासकेंद्रातला कारकून भला माणूस. त्याने कागद पुढेमागे करून सांगितलं, "बाई, पहिल्या वर्षी तुमचं नाव बारावीच्या मार्कलिस्टवरचं आहे. दुसऱ्या वर्षी तुम्ही अर्ज देऊन ते आधार कार्डासारखं करून घेतलंत. आता कॉम्प्युटरच्या लेखी या दोन वेगळ्या बायका."

चूक माझीच होती. आमच्याकडे लग्नात मुलीचं पहिलं नावसुद्धा बदलतात. ताटात तांदूळ पसरायचे, नवऱ्याने अंगठीने त्यात नवं नाव लिहायचं, पाहुण्यांना साखर वाटायची, झालं. मागचं सगळं आपोआप नव्या नावावर येतं, अशी आमची समजूत. मलाही वाटलं, एकदा अर्ज दिला की पहिलं वर्ष गपगुमान मागून चालत येईल.

"सोपा उपाय सांगू? पहिल्या वर्षाचे पेपर पुन्हा द्या," तो म्हणाला.

"देणार नाही."

माझा आवाज जरा चढला होता, कबूल करते. पण पेपर पुन्हा द्यायचे म्हणजे ही भरती गेली. आणि त्या वर्षी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. त्यांच्या उशाशी बसून, औषधाच्या दोन वेळांमध्ये जेवढं वाचून होईल तेवढ्यावर मी ते पेपर सोडवले होते. ते चाळीस माझे होते आणि मला तेच हवे होते.

दुसरा उपाय म्हणजे नाव बदलल्याची राजपत्रात नोंद. त्यासाठी लग्नाचा दाखला हवा. आमच्या लग्नाची नोंद ग्रामपंचायतीत कुणी केलीच नव्हती. पत्रिका सापडली, पण तिच्यावर माहेरचं नाव. नवं नाव लिहिलं गेलं ते फक्त तांदळात, आणि ते तांदूळ दुसऱ्या दिवशी पेजेत गेले. पुरावा आम्ही खाऊन बसलो होतो.

नवऱ्याला सांगितलं तर तो हसायला लागला. "मगे काय तांदूळ जपून ठेवूक व्हये होते?"

त्या दिवशी मी त्याला वाढलं नाही. हाताने घे म्हटलं.

शेवटी प्रतिज्ञापत्रावर भागेल असं कळलं. पण लग्नाला हजर असलेले, माझी दोन्ही नावं माहीत असलेले दोन साक्षीदार हवे होते. एक चुलतसासरे तयार झाले. दुसरी माझी नणंद. माझं नाव बदलायचं कारणच मुळी ती. आम्हा दोघींचं नाव एक होतं. एका घरात एका नावाच्या दोघी, हाक कशी मारायची? म्हणून नव्याने आलेल्या मुलीचं बदललं. मला कुणी विचारलं नव्हतं. पुढे चार महिन्यांत तीही लग्न होऊन विजयदुर्गला गेली.

सकाळच्या एसटीने ती आली. सेतू कार्यालयातल्या बाईंनी तिचं आधार कार्ड हातात घेतलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "नणंदेचं आणि तुमचं नाव एकच म्हणून तुमचं बदललं, असं इथे लिहिलंय. यांचं नाव तर तिसरंच आहे. या कोण?"

सासरी तिचं नाव बदललंय हे मला ठाऊक होतं. का बदललं, हे इतक्या वर्षांत मी कधी विचारलं नव्हतं.

"थंय माझ्या मोठ्या जावेचा नाव ह्याच होता," ती म्हणाली. "मगे माझा बदल्ला."

ज्या नावासाठी मी माझं सोडलं, ते तिला चार महिने पुरलं होतं. त्यानंतर आमच्या घरात ते नाव रिकामंच पडून होतं. मला राग आला. इतका की डोळ्यांत पाणी आलं. तिच्यावर नव्हे. तिचाही चेहरा लाल झाला होता.

बाई म्हणाल्या, ओळख पटत नसेल तर दुसरा साक्षीदार आणा.

"दुसरो खंयचो?" नणंद कडाडली. रांगेतली माणसं वळून बघू लागली. "हिच्या लग्नात करवली मीच होतंय. हिचा नाव माझ्यापायी गेला. साक्षीक मीच ऱ्हवतलंय." आणि तिने पिशवीतून स्वतःचं बारावीचं प्रमाणपत्र आणि लग्नाचा दाखला काढून टेबलावर ठेवला. बाईंनी दोन्ही वाचले आणि सहीसाठी पेन पुढे केलं.

राजपत्र आलं, तरी क्रेडिट हलेनात. मग दर सोमवारी अंगणवाडी सुटली की मी केंद्रात जाऊन बसायची. कारकून मला बघून पुढे पुढे चहाच मागवायचा. मीही चहा घ्यायची आणि उठायची नाही.

अर्जाची मुदत संपायला चार दिवस होते. पोरांना वाढून झालं आणि सवयीने खातं उघडलं. एकशेवीस. तिथेच भिंतीला टेकून मी रडले. एक चिमुरडी ताटावरून उठून जवळ आली. "बाय, तुका कोणी मारल्यान?"

त्याच दिवशी अर्ज भरला. निवड व्हायची तेव्हा होईल, पण माझी पदवी अपुरी आहे असं आता कुणाला म्हणता येणार नाही. संध्याकाळी नणंदेला फोन केला.

"सगळे इले?" तिने विचारलं.

"सगळे."

"बरा झाला. आता माझा आयक. मी पण पदवीचा फारम भरतलंय. पण तुझ्यासारख्या नाय. आधी आधार बदलून घेतलंय, बारावीच्या दाखल्यार आसा तसा."

"वन्सं, घरात काय म्हणाले?"

"जाव म्हणता, आता दोघींका हाक कशी मारूची? मी सांगलंय, मारा तुमी. दोघीय ओ देतलंव."