पेंटरभाऊंची सरळ ओळ

एक डोळा मिटायचा, अंगठा नाकासमोर उभा धरायचा आणि समोरच्या वस्तूकडे रोखून बघत म्हणायचं, "डावीकडे जरा खाले शे." पेंटरभाऊंची ही सवय आमच्या वॉर्डात सगळ्यांना माहीत झाली होती. भिंतीवरचं कॅलेंडर, सलाईनचा स्टँड, माझ्या छातीवरची नावाची पट्टी, त्यांच्या तावडीतून काहीच सुटायचं नाही. एकदा राउंडला आलेल्या आमच्या डॉक्टरांचा चष्माच त्यांनी सरळ करायला लावला. डॉक्टरांनी तो निमूटपणे केला आणि मग तपासायला घेतलं.

पारोळ्याला दुकानांच्या पाट्या रंगवण्यात त्यांची तीस वर्षं गेली होती. फ्लेक्स आले तसं काम कमी झालं, पण हात गेला नव्हता. जळगावात आमच्या हॉस्पिटलात ते पहिल्यांदा आले तेव्हा थंडीचे दिवस होते. लिव्हर आकसून कडक झालेलं, पायावर सूज, पोटात पाणी साचून ते मडक्यासारखं पुढे आलेलं. बरोबर बायको. त्यांना मी पहिल्या दिवसापासून वहिनी म्हणू लागले.

लिव्हरचा पेशंट म्हटलं की भेटायला येणारा प्रत्येक जण एकच गोष्ट धरून चालतो. तुम्हीही तेच धरलं असेल. भाऊंनी आयुष्यात थेंबही घेतला नव्हता; त्यांचं दुखणं जुन्या काविळीचं होतं. पण पारोळ्याहून कुणी ना कुणी यायचं, खाटेच्या कडेला बसायचं आणि दारूवर प्रवचन द्यायचं. भाऊ शांतपणे ऐकून घेत आणि शेवटी हात जोडून म्हणत, "आजपासून बंद." एक गृहस्थ तर स्वतः थोडी घेऊनच उपदेशाला आले होते. त्यांनाही भाऊंनी तसाच शब्द दिला.

मी एकदा रागावले. "भाऊ, तुम्ही कधी घेतलीच नाही. सांगत का नाही लोकांना?"

"त्यास्ले समजाडामा येळ जास, ताई. सोडाले काय लागस?"

माणसं भेटायला येत त्याचं मला एरवी काही नाही. पण आपल्याकडे आजाऱ्याला भेटणं म्हणजे त्याच्या अंगावरून हात फिरवणं, पाय दाबणं, पोट चाचपून बघणं. लिव्हर बिघडलेल्या माणसाच्या अंगात जंतूंशी लढायची ताकद उरलेली नसते. हे मी दिवसातून वीस वेळा सांगायची आणि एकविसावा माणूस हात न धुता आत शिरायचा. भाऊ खाटेवरून माझा आरडाओरडा ऐकत असत. दोन दिवसांनी त्यांनी वहिनींकडून फळी, रंग आणि ब्रश मागवले आणि खिडकीशी बसून एक पाटी रंगवली. निळ्या जमिनीवर पिवळी अक्षरं, खाली बारीक लाल सावली: "आधी हात धुवा, मग हालहवाल विचारा." वॉर्डाच्या दाराशी बेसिनवर ती टांगली तेव्हा सरळ होईपर्यंत त्यांनी शिपायाला स्टुलावरून उतरू दिलं नाही. खरं सांगते, माझ्या ओरडण्यापेक्षा त्या पाटीला लोकांनी जास्त जुमानलं.

ती पाटी बघूनच डॉक्टरांना कल्पना सुचली. त्यांनी भाऊंना एक वही दिली आणि सांगितलं, "रोज सकाळी तारीख घालायची आणि एक ओळ लिहायची. मजकूर रोज तोच."

आम्हा नर्सेसना त्यांनी कारण समजावून सांगितलं. अशा पेशंटच्या पोटातल्या पाण्यात जंतू शिरले तरी ताप येतोच असं नाही, पोट दुखतंच असंही नाही. कधी कधी डोकं तेवढं जरासं मंदावतं. तोंडावर काही दिसत नाही, पण हातावर दिसतं. अक्षर बिघडलं की मला ताबडतोब कळवा, असं ते म्हणाले.

भाऊंनी मजकूर ठरवला, "आज तब्येत बरी आहे." एका पाटीवर एकच मजकूर हा धंद्याचा नियम, म्हणून रोज नवं पान. शिरोरेषा अशी की पट्टी लावून मारल्यासारखी. मी बाजूला उभी राहून बघायची. खरं तर एवढं थांबायची गरज नव्हती, पण बघायला छान वाटायचं.

पाचव्या दिवशी रेघ "बरी"पर्यंत आली आणि उतरू लागली. भाऊ गप्पा मारत होते, ताप नव्हता, चहा प्यायले होते. मी वही घेऊन डॉक्टरांकडे गेले. त्यांनी लगेच पोटातून सुईनं पाणी काढलं. ते गढूळ होतं. रिपोर्टची वाट न बघता अँटिबायोटिक सुरू झालं आणि आठवड्याभरात भाऊंची रेघ पुन्हा जागेवर आली. घरी जाताना ते ऐटीत म्हणाले, "डॉक्टरना थर्मामीटर फेल, मन्हा ब्रश पास."

वैशाख लागायच्या सुमारास ते पुन्हा आले. जळगावचा उन्हाळा तुम्हाला सांगायला नको. पोट परत भरलं होतं, पण या खेपेला त्यांचं सगळं लक्ष आखाजीकडे, म्हणजे आमच्या खानदेशातल्या अक्षय्य तृतीयेकडे. मुलीचं लग्न होऊन वर्ष झालं नव्हतं. लग्नानंतरची पहिली आखाजी, पोर सासरहून माहेरी येणार, कडुनिंबाला झोका बांधायचा. "पोर पहिल्यांदाच येई ऱ्हायनी, ताई. माले आखाजीले घर जानं शे." हे ते मला सांगत, सफाईवाल्या मावशींना सांगत, शेजारच्या खाटेवरच्या बहिऱ्या आजोबांनाही सांगत. आखाजी शनिवारी होती. सोमवारी डॉक्टर म्हणाले, "गुरुवारपर्यंत ओळ सरळ आली तर शुक्रवारी घरी."

भाऊ डॉक्टरांना हात जोडून हसले. मीही हसले.

त्या आठवड्यात वॉर्ड गच्च भरला होता. मंगळवारी सकाळी मी त्यांच्या खाटेशी गेले तेव्हा वही उशाशी तयार होती. "लिखी टाकी ना, ताई." मी त्या दिवसाचं पान उघडलं, रेघ सरळ होती, मी पुढच्या खाटेकडे वळले. बुधवारी तसंच. त्यांचा चहा तसाच पडलेला मला दिसला होता. मला वाटलं, उकाडा आहे. शहाणपणा सगळा मी त्या वहीवर सोपवला होता.

गुरुवारी सकाळी मावशींनी भिंती पुसल्या आणि बेसिनवरची पाटी काढून परत टांगली. ती चांगली चार बोटं डावीकडे कलली होती. भाऊ वहिनींच्या खांद्यावर हात ठेवून बाथरूमहून परत येत होते. त्या पाटीखाली थांबले, तिच्याकडे बघितलं. मी हातातलं काम थांबवलं, कारण आता डोळा मिटणार, अंगठा वर जाणार हे मला ठाऊक होतं.

ते काहीच बोलले नाहीत. नुसते पुढे चालू लागले.

"भाऊ, पाटी बघितली का?" मी विचारलं.

"सरळ शे," ते म्हणाले.

मी धावत जाऊन वही उघडली. गुरुवारचं पान: आज तब्येत बरी आहे. रेघ सरळ. मग मी एक पान उलटलं, जे तीन दिवसांत मला एकदाही सुचलं नव्हतं. शुक्रवारची तारीख घालून तीच ओळ तिथे लिहिलेली होती, तितकीच देखणी.

पाणी तपासलं, औषधं लगेच सुरू झाली, भाऊंना आयसीयूत हलवलं. पण जंतू आता पोटापुरते राहिले नव्हते, किडन्यांनी काम सोडायला सुरुवात केली होती. डॉक्टर म्हणाले, "काल कळलं असतं तर..." ते मला ओरडले असते तर बरं झालं असतं.

बाहेर बाकावर वहिनी बसल्या होत्या. मी त्यांच्याजवळ बसून सांगून टाकलं, की मी नुसतं पान बघत होते, भाऊंना लिहिताना दोन दिवस बघितलंच नाही, चूक माझी आहे. त्या पदराशी चाळा करत होत्या.

"मी देखं व्हतं, ताई," त्या म्हणाल्या. "सोमवारलेच शुक्रवारपर्यंतन्या बठ्ठ्या ओळी लिखी टाक्यात. माले म्हने, सांगू नको. मालेबी वाटनं, पोर येई ऱ्हायनी, जाऊ दे."

मग आम्ही दोघी तिथेच बसून राहिलो.

आखाजीला मुलगी थेट हॉस्पिटलात आली. नवी साडी, हातात आमरसाचा डबा. कुणी न सांगता तिनं आधी बेसिनवर हात धुतले. भाऊ गुंगीत होते. ती आबा, आबा करत वाकली तेव्हा त्यांनी डोळे किलकिले केले, तिच्याकडे बराच वेळ बघितलं आणि चादरीवरचा अंगठा थोडासा उचलला. मग हात खाली पडला.

"काय म्हनी ऱ्हायनात आबा?" तिनं मला विचारलं.

"तुझी टिकली डावीकडे खाली आलीय म्हणतात," मी म्हणाले. टिकली सरळच होती. तिनं ती हसत हसत नीट केली आणि त्यांना दाखवली.

सोमवारी भाऊ गेले. वही वहिनींनी मागून नेली, मला तिचा शेवट बघवत नव्हता म्हणून बरंच झालं.

आता माझ्या वॉर्डात लिव्हरचा पेशंट ओळ लिहीत असला की ती संपेपर्यंत मी त्याच्या डोक्याशी उभी असते. माणसं वैतागतात. शेतात राबलेल्या हातांची अक्षरं मुळातच वाकडी, त्यात मी वरून डोळे वटारून बघणार. वाकडी असू देत, मला फक्त कालच्या ओळीशी ती जुळवायची असते आणि माणसाचा चेहराही बघायचा असतो.

पाटी बेसिनवर अजून आहे. रंग थोडा उडालाय, पण लोक वाचतात आणि हात धुतात. मावशींनी त्या गुरुवारी टांगली तशीच ती कललेली आहे, मी कुणाला सरळ करू दिलेली नाही. नवा पेशंट तिच्याखालून आत येतो तेव्हा मी हातातलं काम थांबवून बघते. डावीकडे खाली आहे, असं अजून कुणी म्हटलेलं नाही.