डब्यातला नवरा आणि गव्हाची रोपं

रोपवाटिकेत पंचवीस वर्षं काढून ती संशोधन केंद्रात कामाला आली, तेव्हापासून सगळे तिला ‘रोपवाली’च म्हणत. अंतराळात झाडं वाढतील का आणि माणसाला पुरेल इतका ऑक्सिजन देतील का, हे तिथे आधी जमिनीवरच पाहायचं होतं. त्यासाठी खोलीएवढा हवाबंद डबा तयार केला होता. आत दिव्यांखाली गव्हाचे चोवीस ट्रे, आणि त्यांच्या भरवशावर श्वास घेणारा एक माणूस. तीस दिवस.

तो माणूस तिचा नवरा होता. केंद्रातला वेल्डर. डब्याचे सगळे जोड त्यानेच मारलेले, म्हणून आत बसायलाही तोच हौसेने पुढे झाला. जन्मात कधी कुंडीत तांब्याभर पाणी न ओतलेला माणूस आता बायकोच्या रोपांच्या जिवावर जगणार, म्हणून कॅन्टीनमध्ये हसून हसून सगळ्यांची पुरेवाट. ती मात्र हसली नाही.

दहा दिवस बरे गेले. मग पडद्यावरचा ऑक्सिजनचा आकडा एकवीस टक्क्यांवरून वीसवर आला, मग साडेएकोणीसवर. अठरावर आला की दार उघडून प्रयोग थांबवायचं ठरलं होतं.

“माझा जोड गळतोय का गं?” नवऱ्याने आतून फोनवर विचारलं.

“गळला असता तर बरंच झालं असतं,” बाहेरून केंद्राच्या प्रमुख बाई म्हणाल्या. “बाहेरची हवा आत आली असती. झाडंच कमी पडतायत.”

म्हणजे चूक आपलीच. ती दिवसभर डब्याच्या काचेला डोळे लावून बसली. मागच्या ओळीची खालची पानं पिवळी पडली होती. पाणी तर भरपूर होतं.

“अहो, मागच्या ट्रेंमध्ये जरा नाक घाला. वास कसा येतोय?”

“ओल्या गोणपाटासारखा. कुबट.”

तिला लगेच कळलं. पाणी जास्त होऊन मुळं कुजत होती, आणि कुजणारी प्रत्येक गोष्ट हवेतला ऑक्सिजन खाते.

“बाई, मागचे आठ ट्रे उपटून पिशवीत बंद करायला हवेत,” ती म्हणाली. “पाण्याचं माप मीच लावलं होतं.”

“एक तृतीयांश झाडं? अंदाज चुकला तर आकडा धाडकन खाली येईल. त्यापेक्षा दार उघडू या.”

“ती म्हणतेय ना? मी उपटतो,” आतून आवाज आला.

“उगाच शूरपणा नको!” ती ओरडली. पण ‘थांबा’ असं काही म्हणाली नाही.

त्याने आठही ट्रे उपटून पिशवीत बंद केले, तेव्हा आकडा होता अठरा पूर्णांक सहा. संध्याकाळी अठरा पूर्णांक चार. दुसऱ्या दिवशी सकाळी अठरा पूर्णांक तीन. ती दाराच्या कडीवर हात ठेवून उभी राहिली. कुणी खुर्ची दिली तरी बसली नाही. दुपारीही तीनच. संध्याकाळीही तीन. तिसऱ्या दिवशी आकडा अठरा पूर्णांक पाच झाला, तेव्हा कुठे ती खुर्चीत बसली.

तीस दिवस पुरे झाले, पण आकडा पुन्हा एकोणीसच्या वर गेला नाही. “झाडं ऑक्सिजन देतात, पण एका माणसाला निर्धास्त श्वास घ्यायला याहून कितीतरी जास्त पानं लागतील,” प्रमुख बाई म्हणाल्या. “आणि अंतराळात पाणी खाली उतरतच नाही, मुळांनाच चिकटून बसतं. तिथे ती आणखी गुदमरतील. पुढच्या वेळी मुळांना हवा कशी द्यायची, ते तुम्हीच सांगा. आत बसायला कोण तयार आहे?”

“मी बसते,” रोपवाली म्हणाली. “बाहेर थांबणं आता माझ्याच्याने होणार नाही.”