डोळा बरा होईस्तवर

माझी नात विमान चालवायला शिकून घरी आली, तेव्हा मला वाटलं आता आठवड्याभरात कुणीतरी बोलावणं धाडणार. ट्रकचं लायसन निघालं की दुसऱ्या दिवशी मालक दारात येतो, हे मी बघितलेलं. विमानाचं तसं नसतं. लायसन हातात असलं तरी कंपनीनं जागा काढावी लागते. मग परीक्षा, मग मुलाखत, मग मोठ्या विमानाचं वेगळं शिक्षण, आणि त्याच्या आधी शरीर धडधाकट असल्याचा सरकारमान्य डॉक्टरचा दाखला. चार जागा निघाल्या तर पोरापोरींची झुंबड उडते.

दोन वर्षं ती सांगलीशेजारी कुपवाडला घरीच होती. माझ्या मुलाचं तिथं लेथ मशीनचं वर्कशॉप आहे, मीच उभं केलेलं. मी मेंढरांमागनं उठून आलेला माणूस, शाळा चौथीत सुटली, पण हातानं कमावलंय. नात सकाळी वर्कशॉपात तयार माल मापून बाजूला लावायची आणि दुपारी लॅपटॉप उघडून बसायची. जेवताना तिचा फोन वाजला की सगळे घास हातात धरून तिच्या तोंडाकडं बघायचे. कर्ज देणाऱ्यांचा नाहीतर कुणा मैत्रिणीचा फोन निघायचा. तिची आई पाणी आणायच्या निमित्तानं आत जायची.

आमची भावकी वडूजच्या पलीकडं, माळावर. तिथं माझा एक चुलतभाऊ आहे, माझ्याच वयाचा. लहानपणी एका घोंगड्यात झोपलेलो. लग्नकार्यात भेटला की चारचौघांत विचारायचा, "काय गड्या, नातीचं इमान कुठं लावलंय? शेडात मावतंय का?" लोक हसायचे. मीही हसायचो, पण घरी आल्यावर जेवण जायचं नाही.

शेवटी एका कंपनीचं बोलावणं आलं. परीक्षा पास झाली, मुलाखतही पास झाली. त्यांनी कळवलं, शुक्रवारपर्यंत डॉक्टरचा दाखला द्या, म्हणजे या तुकडीत घेतो. दाखला आला नाही तर जागा पुढच्याला. पुण्याच्या डॉक्टरनं गुरुवारची वेळ दिली. आणि त्याच्या आधीच्या रविवारी माळावर आमच्या बिरोबाची जत्रा होती.

मी म्हटलं, तिला घेऊन जायचं. सून नको म्हणाली. नातही म्हणाली, "आबा, मेडिकल झाल्यावर जाऊ की." मी म्हटलं देवाला झाल्यावर नसतं, आधी असतं. मुलगा गप्प बसला, कारण मी बोललो की तो गप्प बसतो. माझ्या मनात देव होता आणि चुलतभाऊही होता. दोघांनी तिला बघावं एवढंच मला वाटत होतं.

आमच्यात पालखी निघाली की तिच्यावर हळद उधळतात. त्याला भंडारा म्हणतात. ढोल चालू झाला की माणूस माणसाला दिसत नाही, नुसतं पिवळं. मी सांगलीच्या पेठेतनं चांगली हळद दळून नेली होती. नात गाडीतनं उतरली ती डोळ्याला काळा गॉगल लावून. म्हणाली, डोळ्यात जायला नको म्हणून. तोवर चुलतभाऊ आला. तिच्याकडं वरपासून खालपर्यंत बघून मला म्हणाला, "पाव्हणी कुठली म्हनायची? शिनेमातली व्हय?" पोरी फिदीफिदी हसल्या.

मी तिला म्हटलं, "काढ तो. देवापुढं गॉगल घालून उभी ऱ्हाणार काय?"

तिनं माझ्याकडं एकदा बघितलं आणि काढला.

पालखी वळली तेव्हा कुणीतरी मूठभर भंडारा अगदी जवळनं फेकला. तिनं दोन्ही हातांनी तोंड धरलं. आधी मला वाटलं सगळ्यांचं होतं तसंच असेल, चोळलं की जाईल. ती चोळत नव्हती. खाली बसली आणि म्हणाली, "पाणी द्या. नुसतं पाणी." चुलतभावाची बायको वाटीत शेळीचं दूध घेऊन धावत आली, दोन थेंब सोडते म्हणाली. नात पहिल्यांदाच मोठ्यानं बोलली, "काही घालायचं नाही." बाटल्यांमागनं बाटल्या डोळ्यावर ओतल्या. डावा निवळला. उजवा टोमॅटोसारखा लाल झाला आणि उघडेना.

मुलानं विटा, तासगाव करत गाडी सांगलीला दामटली. तिच्या डोळ्यावर ओला रुमाल होता आणि ती दुसऱ्या डोळ्यानं फोनवर शोधत होती, किती दिवसांत बरं होतं ते. रविवार असून एक डोळ्यांचा डॉक्टर भेटला. त्यानं डोळ्यात औषध टाकून निळ्या उजेडात बघितलं. बुबुळावर ओरखडा आहे म्हणाला. म्हणाला हळदीच्या नावाखाली रंग आणि कसली कसली पूड विकतात, त्यात कचकच असते. मी त्याला सांगितलं की हळद माझी होती, पेठेतनं आणलेली, समोर दळलेली. तो म्हणाला, "आजोबा, तिथं एकट्यानंच उधळली होती का?"  माझी हळद चांगलीच होती, हे मी आजही म्हणतो.

गुरुवारपर्यंत बरं होईल का, हे तिनं विचारलं. तो म्हणाला, होईलही, सांगता येत नाही.

सोमवार, मंगळवार, बुधवार घरात रेडिओसुद्धा लावला नाही. तासातासाला थेंब. सून घड्याळ घेऊन बसायची. नात भिंतीवरचं कॅलेंडर लांबनं वाचून बघायची, आधी डावा डोळा झाकून, मग उजवा झाकून. मुलगा वर्कशॉपातनं दर थोड्या वेळानं येऊन दारात उभा राहायचा आणि न विचारता परत जायचा. माझ्याशी कुणी भांडलं नाही. भांडले असते तर बरं झालं असतं, मला उत्तर देता आलं असतं.

बुधवारी संध्याकाळी डोळा जवळपास पांढरा दिसायला लागला. गुरुवारी पहाटे मुलानं गाडी काढली. मला येऊ नका म्हणाले, मी पुढच्या सीटवर जाऊन बसलो. सातारा मागं पडला. खंबाटकीचा बोगदा आला तेव्हा मी मागं न वळता म्हटलं, "लाली गेलीया. त्या डॉक्टरला हळदीचं काय सांगू नगं."

ती म्हणाली, "विचारलं तर सांगणार, आबा."

"न्हाई विचारलं तर?"

"विचारतातच. डोळ्याला कधी इजा झाली का, सही घेतात त्याच्यावर."

मी म्हटलं, सहीला काय होतंय. सगळं जग सह्या करतंय. दोन वर्षं घरात बसलीस ती कशापायी?

ती बोगदा संपल्यावर म्हणाली, "खोटी सही केली आणि पुढं कधी निघाली, तर लायसन जातं. नुसती ही नोकरी न्हाई जात. तुम्हाला सांगू का, मला भीती वाटतीय. पण सही मी खरी करणार."

मुलानं आरशातनं तिच्याकडं बघितलं. माझ्याकडं बघितलं नाही.

पुण्यात ती आत गेली आणि आम्ही दोघं बाकड्यावर बसलो. आमच्या शेजारी एक पोरगा हातातले कागद परत परत लावत होता. तो आमच्या पोरीच्या नंतर आत गेला आणि आधी बाहेर आला. बाहेर येऊन आईला फोन करून हसत होता. मी त्याच्याकडं बघायचं टाळलं.

ती बाहेर आली तेव्हा तोंडावरनं काही कळेना. मुलगा उठून उभा राहिला. ती म्हणाली, "नजर पूर्ण आहे. पण ओरखडा अजून पूर्ण भरला न्हाई. पंधरा दिवसांनी परत बोलावलंय. तोवर अनफिट."

शुक्रवार दुसऱ्या दिवशी होता.

ती रस्त्याच्या कडेला उभी राहून कंपनीला फोन लावत होती, आम्ही थोडं लांब. गाड्यांच्या आवाजात मला एवढंच ऐकू आलं, "हो मॅडम. रिपोर्ट पाठवते. हो, समजलं." परत येऊन म्हणाली, या तुकडीतनं नाव गेलं. फिट झाल्यावर कळवा, पुढच्या वेळी बघू म्हणाले. मग माझ्याकडं वळली. मला वाटलं आता बोलणार, आणि मी तयार होतो. ती म्हणाली, "आबा, एक करा. पुढचं काही पक्कं होईपर्यंत गावात कुणाला काही सांगू नका. हे पण न्हाई, ते पण न्हाई."

मी मान हलवली.

पंधरा दिवसांनी ती पुण्याला एकटीच गेली आणि फिटचा दाखला घेऊन आली. कंपनीला पाठवला. त्यांचं उत्तर येईना. तिकडं माळावर बातमी पोचलीच होती, पण उलटी. पोरीचा डोळा अधू निघाला, म्हणून इमानवाल्यांनी हाकलली. एका स्थळानं मध्यस्थाकरवी डोळ्याची चौकशी केली.  खिशात तिच्या दाखल्याची झेरॉक्स होती, ती मी विचारून घेतली होती. एका बारशाला चुलतभाऊ माझ्या शेजारी पंगतीत बसला आणि हळू आवाजात म्हणाला, "आरं, डोळ्याचं लय वाईट झालं. आमच्या हिनं दूध घालतो म्हनलं तवा ऐकायचं व्हतं."

आयुष्यात मी कुणाचं ऐकून घेतलं नाही. मालकाचं नाही, फौजदाराचं नाही. त्या दिवशी मी त्याला भात वाढा म्हणून वाढप्याला हाक मारली आणि खाली बघून जेवलो. झेरॉक्स खिशातच राहिली. ते जेवण मला अजून आठवतं, आमटी अळणी होती.

असे तीन महिने काढले. मग एका दुपारी नात वर्कशॉपातनं धावत आली, हात तेलकट, आणि फोन माझ्यापुढं धरला. मला वाचता येण्यासारखं त्यात काही नव्हतं, इंग्रजी होतं. सून दारात रडता रडता हसत होती, त्यावरनं कळलं.

"आबा, आता सांगा," ती म्हणाली.

मी चुलतभावाला फोन लावला. लावताना वाटलं होतं, आता असं बोलायचं, तसं बोलायचं. त्यानं उचलला तेव्हा मागं मेंढरांचा आवाज येत होता. मी विचारलं, कुठं हाईस. तो म्हणाला, तळ्याच्या वरच्या अंगाला, चारा कुठं ऱ्हायलाय आता. त्याचा खोकला वाढला होता. दोघं वैरणीचं बोलत बसलो. मग त्यानंच चाचरत विचारलं, "पोरगी कशी हाय रं?"

"बरी हाय," मी म्हटलं. "लागली."

त्यानं मेंढरांना एक हाळी दिली. मग म्हणाला, "इमानावर?"

मी म्हटलं, व्हय. आणि फोन नातीच्या हातात दिला, म्हटलं, तुझ्या आज्ज्याशी बोल.